फाउलला एक मार्क

अण्णा,

तुमची मुलगी आता पोरांची निवड करते, आणि तीही बेसबॉलच्या, हे तुम्हाला कोणी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही आधी टोपी काढून डोकं खाजवलं असतं आणि मग विचारलं असतं, "त्यात स्टंप कुठे असतात?" नसतात, अण्णा. स्टंप नाहीत, पॅड नाहीत, बॅट गोल असते आणि चेंडू टप्पा न खाता सरळ अंगावर येतो. पहिल्या दिवशी तुम्हाला हा खेळ मुळीच आवडला नसता आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मैदानाच्या जाळीला नाक लावून उभे राहिला असता, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. आज मी जुलैची यादी पाठवून दिली. मोसम अर्ध्यावर आला की इथल्या क्लबच्या दुसऱ्या संघातली, म्हणजे मोठ्या संघात अजून न पोचलेली पोरं तपासायची आणि त्यांतले होतकरू कोण त्यांची क्रमवारी लावायची, हे काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. यादी एकदा गेली की माझं डोकं रिकामं होतं आणि मी बडबडत सुटते. नवरा कानाला हेडफोन लावून बसलाय, मुलगी नोकरीला ओसाकात. म्हटलं, आज अण्णांना पकडावं.

पण आधी मी इथे आले कशी ते सांगते, नाहीतर तुम्ही "थांब, थांब, पहिल्यापासून सांग" म्हणून मला मध्येच अडवाल. तुम्ही गेलात तेव्हा मी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे लग्न झालं ते सॉफ्टवेअरवाल्याशी. त्या दिवसांत पुण्यात ज्याच्या-त्याच्या घरातलं कोणीतरी कंपनीतर्फे परदेशी निघालेलं असायचं. सगळ्यांचे अमेरिकेला, आमचे जपानला! टोकियोतल्या एका बँकेचं काम होतं. आम्ही शेजारच्या उरायासुला भाड्यानं घर घेतलं. आमच्या इमारतीत चार मजल्यांवर चार भाषांतल्या फोडण्यांचे वास यायचे. कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा हे शिकण्यात माझं पहिलं वर्ष गेलं आणि बाळंतपणात दुसरं. मग लेक बालवाडीत जायला लागली आणि घरात बसून बसून मला गंज चढायला लागला. त्याच सुमाराला जवळच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत माणूस हवं होतं. माझं जपानी तेव्हा दुकानात दही मागण्यापुरतं होतं, तरी गेले. साहेबांनी माझा कागद वाचला, स्टॅटिस्टिक्स पाहिलं, इंडिया पाहिलं आणि विचारलं, "क्रिकेट कळतं?" मी म्हटलं, "वडील जिल्ह्याच्या निवड समितीवर होते." झालं! साहेबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांना एका बेसबॉल क्लबचं काम मिळालं होतं. दुसऱ्या संघाच्या सगळ्या सामन्यांची नोंद संगणकात घालायची आणि जुलैत होतकरू खेळाडूंची यादी काढून द्यायची. साहेबांच्या मते क्रिकेट काय आणि बेसबॉल काय, बॅट-बॉलच. तुमच्या नावावर नोकरी लागली, अण्णा.

तुमच्या नावावर म्हणजे खरोखरच तुमच्या नावावर. मला खेळाचं जे काही कळतं ते नाशिकच्या त्या शाळेच्या मैदानावरचं. मी सहावीत आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, जिल्ह्याच्या संघासाठी पोरं आली आहेत आणि तुम्ही मला दगडावर बसवून स्कोअर लिहायला दिला आहे. एक पोरगा आहे, लांब मानेचा, तो नुसता अडवतोय. चेंडू येतो, हा पुढे पाय टाकतो, ठप्प. परत येतो, ठप्प. मला जांभया यायला लागतात. मी बिनधावेच्या चेंडूंची टिंबं द्यायची सोडून देते आणि वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत बसते. तुम्ही चहा प्यायला आलात, मागून वाकून बघितलंत आणि तुमचा आवाज चढला. "टिंबं कुठं आहेत?" मी म्हटलं, "अण्णा, काही होतच नाहीये." "काही होत नाही? तो बॉलर तिकडनं पळत आला, जीव खाऊन बॉल टाकला, आणि या पोरानं तो खेळून काढला. बॉलरचा एक बॉल वाया गेला, त्याचा दम गेला, आणि तू म्हणतेस काही झालं नाही? ऊठ! उभी राहून लिही." मी संध्याकाळपर्यंत उभी राहून टिंबं दिली. पाय मोडून आले. घरी येताना एक शब्द बोलले नाही तुमच्याशी. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी घडीची खुर्ची घेऊन आलात, निळ्या पट्ट्यांची, आणि ती आपल्या खुर्चीला लावून ठेवलीत. निवडीला आलेली सगळी पोरं उभी आणि मी खुर्चीत! सॉरी वगैरे म्हणणं तुमच्या स्वभावातच नव्हतं, पण मी त्या खुर्चीत इतकी फुगून बसले होते की तुम्हाला हसू आवरत नव्हतं.

तो लांब मानेचा पोरगा काही निवडला गेला नाही. समितीतल्या बाकी दोघांना चौके-छक्के मारणारे हवे होते. तुम्ही भांडलात, हरलात आणि घरी आलात. आई पोळ्या करत होती. मला वाटलं आता तुम्ही चिडचिड करणार, जेवणार नाही. कसलं काय! तुम्ही आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलंत आणि ओट्यासमोर उभं राहून तो कसा खेळला ते दाखवायला लागलात. "हे बघ, डोकं असं खाली. हे बघ, बॅट अंगाजवळ." आई म्हणाली, "पोळी करपतेय." तुम्ही म्हणालात, "करपू दे गं, हा पाय बघ!" त्या पोराला संघात घेतलं नाही याचं दुःख तुम्हाला होतंच, पण त्यानं जे खेळून दाखवलं त्याचा आनंद त्याहून मोठा होता. तीन पोळ्या करपल्या आणि आईनं त्या तुमच्याच पानात वाढल्या.

तर आता इकडे या. दुसऱ्या संघाचं मैदान नदीकाठी आहे, ट्रेन बदलून तासाभराच्या अंतरावर. तिथे मॅच भर दुपारी असते. बघायला कोण, तर डबे घेऊन आलेले निवृत्त आजोबा आणि छत्र्या घेतलेल्या दोन-चार आज्या. आकडे नुसते ऑफिसात बसून भरायचे नाहीत, जाऊन बघायचंही, असं मी साहेबांना सांगितलं आणि ते कबूल झाले. पहिल्याच वर्षी तिथे मी एका पोराला पाहिलं. त्याच्या पाठीवर एकशे तेवीस नंबर होता, म्हणून मी त्याला एकशेतेवीसच म्हणते. बुटका, पंचविशीला टेकलेला, मैदानात उतरताना आणि बाहेर पडताना टोपी काढून रिकाम्या मैदानाला वाकून नमस्कार करायचा. तसा इथे सगळेच करतात, पण हा जरा जास्तच वेळ वाकलेला राहायचा. त्याला मोठा फटका काही मारता यायचा नाही. चेंडू बॅटला निसटता लागायचा आणि मागे जाळीवर, नाहीतर बाजूच्या गवतात. त्याला फाउल म्हणतात. आजोबा लोक "आऽऽ" करून सुस्कारे सोडायचे. एकदा नळावर पाणी पिताना त्यानं मला विचारलं, "क्रिकेटमध्ये फाउल नसतो म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, "नसतो. चेंडू पाठीमागे गेला तरी धाव मिळते." तो तोंड पुसत म्हणाला, "मग मी चुकीच्या देशात जन्मलो."

तीन आकडी नंबर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. क्लब काही पोरांना 'इकुसेइ' म्हणून घेतात, म्हणजे वाढवायला घेतलेली पोरं. तेव्हा ही पद्धत नवीनच होती. या पोरांच्या पाठीवर तीन आकडी नंबर, आणि तो नंबर असेपर्यंत मोठ्या संघातून खेळता येत नाही. जुलै संपायच्या आत क्लबनं दोन आकडी नंबर दिला तर दिला, नाहीतर त्या वर्षाचं दार बंद. तिसरं वर्षही तसंच गेलं तर बहुतेकांना पानगळीच्या दिवसांत घरी पाठवतात. एकशेतेवीसचं तिसरं वर्ष होतं. त्याला एकच जुलै उरला होता आणि क्लबमध्ये जागाही एकच होती. सगळ्यांच्या तोंडी नाव होतं ते एका एकोणीस वर्षांच्या उंच पोराचं. त्यानं मारलेला चेंडू नदीपर्यंत जायचा. एकशेतेवीसचं नाव कोणीसुद्धा घेत नव्हतं.

यादीची बैठक मैदानाशेजारच्या इमारतीत होती. बूट काढून सपाता घालायच्या, बार्लीचा गार चहा, आणि पंखा सगळ्यांकडे तोंड फिरवून आमच्याकडेच पाठ करणारा. दुसऱ्या संघाचे प्रमुख, त्यांना सगळे कांतोकु म्हणतात, साठीचे, उन्हानं भाजून काळेभोर झालेले. शेजारी बॉलिंगचे प्रशिक्षक, म्हणजे इकडच्या भाषेत पिचिंगचे, गोल गरगरीत आणि बोलघेवडे. माझं आडनाव कोणाच्याही जिभेवर बसत नव्हतं म्हणून कांतोकुंनी पहिल्याच दिवशी माझं 'क्रिकेट-सान', म्हणजे क्रिकेटबाई, करून टाकलं होतं. मी पडद्यावर यादी लावली आणि खोलीत कोणीतरी दातांमधून स्स्स करून हवा ओढली. इथे स्स्स म्हणजे आपल्याकडचं "बोंबला!" यादीत पहिला नंबर एकशेतेवीस. तो उंच पोरगा चौथा.

"क्रिकेट-सान," कांतोकु अगदी हळू म्हणाले, "हा वर कसा?"

मी म्हटलं, "प्रत्येक चेंडूला मार्क आहेत. तो इतके चेंडू खेळून काढतो, त्याचे मार्क."

"खेळून काढतो म्हणजे? फाउल? तुम्ही फाउलला मार्क दिलात?"

"हो. एक."

पिचिंगवाले प्रशिक्षक मांडीवर थाप मारून हसले. कांतोकु हसले नाहीत. "पहिले दोन फाउल म्हणजे स्ट्राइक," ते म्हणाले. "तिथे बॅटरचं नुकसान होतं. त्याचे मार्क कापायचे, द्यायचे नाहीत."

अण्णा, त्यांचं बरोबर होतं. नियम मला पाठ होता हो! तीन स्ट्राइक म्हणजे आऊट. पहिले दोन फाउल स्ट्राइकमध्ये धरतात, त्यानंतर कितीही मारा, खेळी चालू. सगळं माहीत होतं. पण प्रोग्राम लिहिताना चेंडू बॅटला लागला आणि पोरगा आऊट झाला नाही, एवढं दिसल्याबरोबर माझ्या हातानं आपोआप शाबासकी देऊन टाकली. नाशिकच्या मैदानात उन्हात उभं राहून कमावलेला हात तो! आमच्या साहेबांनी कपाळावर हात मारला नाही, कारण इथे तसं करत नाहीत, पण त्यांचे कान लालबुंद झाले. ते उठले आणि कमरेत वाकून माफी मागायला लागले. मी म्हटलं, "दहा मिनिटं द्या." पहिल्या दोन फाउलांचे मार्क काढले, उलट कापले, आणि यादी परत लावली. उंच पोरगा वर. एकशेतेवीस खाली, खाली, पार तळाशी. दहा मिनिटांपूर्वी तो पहिला होता आणि माझ्याच हातानं मी त्याला खाली लोटलं होतं. यादी आता बरोबर होती आणि मला ती अजिबात पटत नव्हती.

म्हणून मी बोलले. मोडक्यातोडक्या जपानीत, पण बोलले. म्हटलं, "चूक माझी. पण एक सांगते. आमच्याकडे जो आऊट होत नाही तो बॉलरला दमवतो. माझे वडील म्हणायचे, दमवतो एक आणि मजा लुटतो मागून येणारा." साहेब माझ्याकडे असे बघत होते की आता बाई गप्प बस. आणि तेवढ्यात ते गोल प्रशिक्षक म्हणाले, "एक मिनिट, एक मिनिट. सरावात एकशेतेवीस बॅट घेऊन आला की माझ्या पोरांना नेमक्या तेव्हाच बुटाच्या नाड्या बांधायच्या असतात. त्याला टाकायला कोणी तयारच नसतं!" मग माझ्याकडे वळून, "क्रिकेट-सान, याच्या मागून जो खेळायला येतो, त्याचं काय होतं ते निघेल का?"

निघेल का! मी लॅपटॉपवर अक्षरशः तुटून पडले. एकशेतेवीस आऊट झालेला असो नाहीतर पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलेला असो, त्याच्या मागून येणाऱ्यानं काय केलं तेवढंच बाजूला काढलं. कोणीही मागे असू दे, एरवी खेळायचा त्यापेक्षा चांगला खेळत होता. सगळे! अगदी ज्याला कोणी बॅटर म्हणणार नाही तोसुद्धा. थकलेल्या हातातून आलेला चेंडू मधोमध यायचा आणि मागचा तो ठोकून काढायचा. मी आकडे पडद्यावर लावले आणि मला ओरडावंसं वाटत होतं. गोल प्रशिक्षक खुर्चीतून अर्धे उठले. ते म्हणाले, "नेबारु," आणि बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. आपल्याकडे चिवट म्हणतात ना, तेच. कांतोकुंनी पडद्याजवळ जाऊन आकडे एकेक करून बोटानं वाचले. मग चहा मागवला. मग मला विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "शाळेत पीटी शिकवायचे. आता नाहीत." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "त्यांच्या संघाविरुद्ध खेळायची वेळ आली नाही, बरं झालं."

त्यानंतर आठवडाभर कांतोकु रोज जाळीमागे बसून एकशेतेवीसला बघत होते. मी घरी नवऱ्याचं डोकं खात होते. काय होईल, घेतील का, त्या उंच पोराला घेतलं तर? नवरा म्हणायचा, "अगं, तुझा कोण लागतो तो?" कोणी नाही. पण जुलै संपत आला तसा मला भात जाईना. शेवटच्या दोन दिवसांत साहेबांनी ऑफिसात सगळ्यांदेखत कागद वाचला. एकशेतेवीसला अडुसष्ट नंबर मिळाला होता. त्या उंच पोराचं अजून वय होतं, त्याला पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. मी टाळ्या वाजवल्या, आणि मग लक्षात आलं की एकटीच वाजवतेय. मग साहेबांनीही वाजवल्या. दोन दिवसांनी तो स्वतः मिठाईचा खोका घेऊन ऑफिसात आला आणि माझ्यापुढे वाकला. मी वाकले. तो परत वाकला, मी परत. कोण आधी थांबणार ते कळेचना. शेवटी माझ्या कमरेनं जाहीर केलं की पुरे.

आणि सप्टेंबरात तो खेळला. संध्याकाळची मॅच, झगमगाट, ढोल, हजारो माणसं. आम्ही तिघं वरच्या स्वस्त जागेवर. शेवटच्या डावात, दोन्ही संघ बरोबरीत असताना, त्याला बॅट घेऊन पाठवला. पहिला फाउल. दुसरा फाउल. आता एक चुकला की खेळ खलास. तिसरा फाउल, चौथा, मग मी मोजणं सोडलं. माणसं आधी हसली, मग प्रत्येक फाउलला टाळ्या द्यायला लागली. मी खुर्चीवर उभी राहून मराठीत ओरडत होते, "खेळून काढ! राहा उभा, राहा रे राजा, दमव त्याला!" लेक माझा कुर्ता ओढून जपानीत सांगत होती, मामा, म्हणजे इकडची आई, मला लाज वाटते. वाटू दे! शेवटी पिचर दमला, चेंडू बाहेर बाहेर टाकत गेला आणि आमच्या पोराला फुकटात पहिला बेस मिळाला. नियमाप्रमाणे तिथे चालत गेलं तरी चालतं. तो धावत गेला. आणि मागून आलेल्यानं पहिलाच चेंडू भिंतीवर नेऊन आदळला, आणि अडुसष्ट आपल्या बुटक्या पायांनी पळत सुटला, दुसरा बेस, तिसरा, आणि जिथून निघाला त्या घरात, एक धाव पूर्ण! जिंकलो! ज्याला आयुष्यात कुठला खेळ आवडला नाही तो माझा नवरा शेजारच्या अनोळखी आजोबांच्या गळ्यात पडला होता. मी रडत होते, हसत होते, घसा बसला होता.

परतीच्या ट्रेनमध्ये लेक माझ्या मांडीवर झोपली. नवरा म्हणाला, "आज अण्णा हवे होते, नाही?" आणि मी दचकलेच. मी मान हलवली, हो म्हटलं, पण ते खोटं होतं. तुम्ही गेल्यापासून कुठेही बॅट-बॉल दिसला, गल्लीतल्या पोरांचा असो नाहीतर टीव्हीवरचा, की माझी मान आपोआप शेजारी वळायची, तुम्ही बघताय का ते बघायला. इतकी वर्षं वळत होती. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, फोनवर आईलाही नाही. हे पत्र कुठे जायचंच नाहीये, म्हणून लिहिते. अण्णा, त्या संध्याकाळी मला तुमची आठवण एकदाही आली नाही. इतकी मी खूश होते.